झिजेचे तीन भाव

मे २०२२ मध्ये बालेन्सियागा या फॅशन कंपनीने ‘पॅरिस’ नावाचा स्नीकर विक्रीस आणला. घोट्यापर्यंत येणारा, थोडा विटलेला, कडा उसवलेला जोड ६२५ डॉलरला होता. त्याच बुटाचा आणखी एक प्रकार होता. त्यात कापडाच्या चिंध्या झालेल्या, रबर सोललेले आणि सगळीकडे काळपट मळ. त्याची किंमत १,८५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ लाख ४३ हजार रुपये. असे फक्त १०० जोड काढले होते. जास्तीच्या फाटकेपणासाठी ग्राहकाने १,२२५ डॉलर जास्त मोजायचे होते.

त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०२१ मध्ये, नायकीने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत परत आलेल्या बुटांची योजना सुरू केली. ग्राहकाने ६० दिवसांच्या आत परत केलेला बूट तपासायचा, हाताने स्वच्छ करायचा, ‘नव्यासारखा’, ‘थोडा वापरलेला’ किंवा ‘दिसण्यात दोष असलेला’ अशी प्रतवारी लावायची आणि नव्यापेक्षा कमी किमतीला विकायचा. इथे खऱ्या वापराच्या खुणांनी बुटाची किंमत उतरत होती.

तिसरा बूट एप्रिल २०२३ मधला. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनने १९९८ च्या एनबीए अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात घातलेला एअर जॉर्डन १३ सॉदबीजच्या लिलावात सुमारे २२ लाख डॉलरला गेला. त्या सामन्यात त्याने ३७ गुण केले होते. हाच बूट कुणाच्याही पायात न जाता खोक्यात राहिला असता, तर त्याच्यासाठी कुणी लिलाव मांडला नसता.

तीन वर्षांच्या आत झिजेचे हे तीन भाव निघाले. सामान्य माणसाची झीज किंमत उतरवते, नामवंताची झीज किंमत आकाशाला भिडवते आणि कारखान्यात चढवलेली झीज नव्यापेक्षा महाग विकली जाते. “आजकालची मुलं पैसे देऊन फाटकं घेतात” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. त्यातले आश्चर्य खरे आहे, पण त्याचे उत्तर मुलांच्या डोक्यात शोधण्याआधी आकड्यांत शोधायला हवे. झीज निवडलेली आहे की नशिबी आलेली, आणि नवी वस्तू मिळणे किती अवघड आहे, या दोन गोष्टी प्रत्येक पिढीसाठी वेगळ्या होत्या. आवडनिवड त्यांच्या मागून आली.

६५ डॉलर: नवेपणाचा मान

१९८५ साली एअर जॉर्डन १ दुकानात आला तेव्हा त्याची किंमत ६५ डॉलर होती. तीन वर्षांत ३० लाख डॉलरची विक्री होईल असा नायकीचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी १२ कोटी ६० लाख डॉलरची झाली. २०२३ च्या आर्थिक वर्षात एकट्या जॉर्डन ब्रँडची उलाढाल सुमारे ६६० कोटी डॉलरवर पोहोचली होती.

स्नीकरची ही संस्कृती अमेरिकी शहरांतल्या, विशेषतः न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांत वाढली. बास्केटबॉलचे मैदान आणि हिपहॉप ही तिची दोन घरे. १९८६ मध्ये रन-डीएमसी या गटाने आदिदासच्या बुटांवर गाणे केले आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला. या पहिल्या पिढीचा नियम साधा होता: बूट स्वच्छ हवा. टूथब्रशने कडा घासायच्या, चवड्यावर घडी पडू द्यायची नाही, पांढरा बूट पांढराच राहिला पाहिजे. स्पाइक ली यांच्या १९८९ च्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात एका तरुणाच्या नव्याकोऱ्या जॉर्डनवर सायकलवाल्याचे चाक घासते आणि त्या एका डागावरून भर रस्त्यात भांडण पेटते. चित्रपट वर्णद्वेषाबद्दल आहे, आणि तो डाग त्या कथेत क्षुल्लक नाही. ज्याला समाज आधीच कमी लेखतो, त्याच्या बुटावरचा डाग त्याच्या माणूसपणावर येतो.

महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागत नाही. अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून पायात वहाण घालून जाण्याची मुभा नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि जड दागिने सोडायला, स्वच्छ राहायला सांगितले. बाबासाहेबांचा स्वतःचा नीटनेटका सूट आणि चकचकीत बूट पुढे लाखो लोकांसाठी स्वाभिमानाची खूण बनला. नीट कपडे घालणे ही इथे हौस नव्हती, हक्काची मागणी होती.

मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांतही नवेपणाला मान होता, कारण नवे क्वचित यायचे. जूनमध्ये शाळा उघडताना एक जोड मिळे, तोही वाढत्या पायाच्या हिशोबाने एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबलेला. पीटीचे कॅनव्हासचे बूट आदल्या रात्री खडूने पांढरे करून वाळत ठेवायचे. टाच गेली की मोच्याकडे, अंगठा तुटला की मोच्याकडे. झीज लपवणे हे त्या पिढीचे रोजचे काम होते, कारण झीज दिसली की घरची ओढाताण दिसे. “फाटकं चालेल, पण मळकं नको” असे सांगणाऱ्या आईला मळकट बुटासाठी लाखभर रुपये देणे समजत नसेल, तर त्यामागे तिचा पूर्ण आयुष्याचा हिशोब आहे.

५३० डॉलर: चिकटपट्टीचा बूट

झिजलेल्या वेशाला मान देणारी दुसरी परंपरा वेगळ्या घरांत वाढली. पंक आणि पुढे सिअ‍ॅटलचे ग्रंज संगीत, स्केटबोर्डवरची मुले, जुन्या बाजारातून घेतलेले चौकडीचे शर्ट, फाटके कॉन्व्हर्स. यातल्या बहुतेकांना कुणी बुटांवरून हलके समजत नव्हते, किंवा तसे समजले तरी त्यांची वाट अडत नव्हती. त्यांच्यासाठी फाटके कपडे हा चकचकीत जगाला दिलेला नकार होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्स यांनी पेरी एलिस या कंपनीसाठी हाच वेश रॅम्पवर आणला आणि त्यांची नोकरी गेली. २०१८ मध्ये त्यांनीच तो संग्रह पुन्हा विक्रीला काढला. दरम्यान बाजार बदलला होता.

किती बदलला होता, हे ग्रंज गायक कर्ट कोबेनच्या हिरव्या कार्डिगनवरून कळते. १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्ड कार्यक्रमात त्याने घातलेले ते कार्डिगन २०१५ मध्ये १ लाख ३७ हजार ५०० डॉलरला विकले गेले आणि २०१९ मध्ये ३ लाख ३४ हजारांना. सिगारेटने पडलेले भोक, डाग आणि तुटलेले बटण तसेच होते आणि ते धुतलेले नव्हते. चार वर्षांत किंमत जवळजवळ अडीच पट झाली. डाग हा तिथे पुरावा होता की हे वस्त्र त्या माणसाच्या अंगावर होते.

व्हेनिसजवळ २००० साली फ्रान्सेस्का रिनाल्डो आणि अलेस्सांद्रो गॅलो या जोडप्याने सुरू केलेल्या गोल्डन गूज या कंपनीने असाच पुरावा नव्या बुटावर चढवून विकायला सुरुवात केली. २००७ पासून तिचा ‘सुपरस्टार’ स्नीकर हाताने घासून, मळवून, खरवडून दुकानात येतो. कंपनीची विक्री २०२२ मध्ये सुमारे ५० कोटी युरो होती, २०२३ मध्ये ५८ कोटी ७० लाख आणि २०२४ मध्ये सुमारे ६५ कोटी ५० लाख. दोन वर्षांत ही साधारण ३१ टक्के वाढ आहे. एका हंगामाची टूम अशी वाढत नाही.

याच कंपनीच्या एका बुटावर २०१८ मध्ये जोरदार टीका झाली. पुढच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळल्यासारखा दिसणारा तो जोड अमेरिकेत ५३० डॉलरला विकला जात होता. नवा बूट घेणे परवडत नाही म्हणून ज्यांनी खरोखर पट्टी लावून दिवस काढले, त्यांनी विचारले की आमची अडचण ही तुमची नक्षी कशी झाली? हा प्रश्न रास्त आहे. एखाद्याने स्वतःचा बूट वापरून झिजवला तर त्यात कुणाचा अपमान नाही. पण चिकटपट्टी ही फक्त पैशांच्या चणचणीची खूण आहे. ज्याच्याकडे ती चणचण नाही त्याने ती खूण विकत घ्यावी आणि ज्याच्याकडे आहे त्याला मात्र त्याच खुणेवरून मुलाखतीत नाकारले जावे, ही विषमता आहे.

३६ टक्के: खरी झीज दुर्मीळ झाली

कारखान्यातल्या झिजेला एवढे गिऱ्हाईक कसे मिळाले? एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातले कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ती संख्या ३६ टक्क्यांनी घटली. बुटांचे चित्रही याच दिशेचे आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे २,३९० कोटी जोड तयार झाले. जगाची लोकसंख्या ८०० कोटी धरली तर माणशी जवळजवळ तीन जोड, आणि तेही एका वर्षात.

पूर्वी नवे दुर्मीळ होते आणि जुने सगळीकडे होते. आता नवे सगळीकडे आहे आणि एखादी वस्तू अंगावर मुरेपर्यंत वापरणे दुर्मीळ झाले आहे. किंमत नेहमी दुर्मीळ गोष्टीला चिकटते. ज्या पिढीने कपडा विटेपर्यंत वापरला, तिला विटलेपण फुकट आणि नकोसे होते. ज्या पिढीचा कपडा विटण्याआधीच कपाटातून बाहेर जातो, तिला तेच विटलेपण विकत घ्यावे लागते.

नायकीने १९ नोव्हेंबर २०२२ रोजी काढलेला ‘लॉस्ट अँड फाउंड’ हा बूट याचे उत्तम उदाहरण आहे. तो १९८५ च्या लाल-पांढऱ्या-काळ्या एअर जॉर्डन १ ची नवी आवृत्ती होता. एखाद्या छोट्या दुकानाच्या माळ्यावर ३७ वर्षे पडून राहिल्यासारखा तो मुद्दाम घडवला होता. घोट्याजवळचे कातडे भेगाळलेले, खोक्याचे झाकण दुसऱ्याच खोक्याचे वाटणारे, आत जुन्या काळच्या हस्ताक्षरातल्यासारखी पावती. किंमत १८० डॉलर. अमेरिकेतली महागाई धरली तर १९८५ चे ६५ डॉलर २०२२ मध्ये साधारण १७७ डॉलर होतात. म्हणजे आजच्या ग्राहकाने मूळ बुटाएवढेच पैसे दिले आणि त्या पैशांत ३७ वर्षांची कल्पित आठवणही घेतली. ही आठवण घेणाऱ्यांतले बरेचसे १९८५ मध्ये जन्मलेलेही नव्हते.

३१ आणि २७ टक्के: पिढीच्या आत दोन पंथ

तरुण पिढी सरसकट जुन्यावर भाळली आहे, असे मात्र आकडे सांगत नाहीत. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या २०२२ च्या अभ्यासात वापरलेल्या फॅशनच्या वस्तूंची जागतिक बाजारपेठ १० ते १२ हजार कोटी डॉलरची धरली होती; २०२० मध्ये ती ३ ते ४ हजार कोटींची होती. त्याच अभ्यासात ‘जेन झी’ गटातल्या ३१ टक्के ग्राहकांनी वापरलेली वस्तू घेत असल्याचे आणि ४४ टक्क्यांनी विकत असल्याचे सांगितले. त्यांच्या आधीच्या मिलेनियल पिढीत हे प्रमाण २७ आणि ३७ टक्के होते. फरक आहे, पण पिढ्यांमध्ये दरी म्हणावी इतका नाही.

खरी फूट स्नीकरप्रेमींच्या आतच आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टॉकएक्स या पुनर्विक्रीच्या बाजारात फक्त न वापरलेले, खोक्यातले बूट चालतात. अशा बुटाला ते लोक ‘डेडस्टॉक’ म्हणतात. २०२१ मध्ये या कंपनीचे मूल्य ३८० कोटी डॉलर ठरले. त्याच वयाची मुले एका हाताने डेडस्टॉक जपतात, चवड्यावर घडी पडू नये म्हणून आत प्लास्टिकची ढाल घालतात, आणि दुसऱ्या हाताने आधीच मळवलेला बूट घेतात. पहिल्या सवयीत बूट गुंतवणूक आहे, दुसऱ्यात वेश आहे. दोन्हींत तो चालून झिजवण्याची वस्तू उरलेला नाही, आणि मला खटकते ते हेच.

आपल्याकडे हा वाद नियमांच्या भाषेत येतो. ८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या परिपत्रकात जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नकोत असे म्हटले आणि शुक्रवारी खादी वापरावी असे सुचवले. पुढे काही महिन्यांत जीन्सला मुभा मिळाली. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने फाटक्या जीन्सवर बंदी घातली. अशा नियमांमागे ‘फाटके म्हणजे बेपर्वाई’ हा जुना हिशोब असतो. घालणाऱ्याच्या मनात तो हिशोब नसतोच, म्हणून दोन्ही बाजू एकमेकांना उद्धट किंवा बुरसटलेल्या वाटतात.

९० सेकंद: झीज घडवणारे हात

झीज विकत मिळते तेव्हा ती कुणीतरी मजुरीवर घडवलेली असते. जीन्सला जुना पांढुरका रंग यावा म्हणून कापडावर दाबाने वाळू मारण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होती. ती धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. तुर्कस्तानात असे काम केलेल्या १४५ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ७७ जणांत, म्हणजे ५३ टक्क्यांत, हा आजार दिसला. काही वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा त्या १४५ जणांपैकी ९ जण मरण पावले होते, सरासरी २४ व्या वर्षी. मार्च २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१० मध्ये लीवाइस आणि एच अँड एम यांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले.

कुणाच्या तरी मांडीवरचा रंग जुना दिसावा म्हणून विशी-पंचविशीतल्या मुलांचे श्वास गेले. फाटक्या फॅशनवर बोलताना मुलांच्या वागणुकीवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि या ९ जणांचा उल्लेखही होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

२०१८ मध्ये लीवाइसने लेझरने झीज कोरण्याची पद्धत जाहीर केली. जुन्या जीन्सवरच्या सुरकुत्या आणि विटलेल्या जागांचे चित्र संगणकात घ्यायचे आणि लेझरने ते नव्या कापडावर जाळायचे. हाताच्या १८ ते २४ पायऱ्यांऐवजी ३ पायऱ्या, आणि एका जीन्सला सुमारे ९० सेकंद. कामगारांच्या आरोग्यासाठी हा बदल चांगलाच आहे. पण खऱ्या वापरात जे व्हायला काही वर्षे लागतात त्याला दीड मिनिट लागू लागले, तेव्हा ती वर्षे वापरण्याचे कारणही ग्राहकाजवळ कमी उरले.

१४ किलो: झिजेचा चौथा भाव

एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धावण्याच्या एका साध्या बुटाचा हिशोब मांडला. ६५ सुटे भाग, ३६० हून अधिक प्रक्रिया आणि एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातला ६८ टक्के वाटा कारखान्यातल्या उत्पादनाचा. म्हणजे बूट आपल्या पायात येतो तेव्हा त्याचे बरेचसे ओझे पृथ्वीवर पडून गेलेले असते. तो एक वर्ष रोज वापरला तर दिवसाला साधारण ३८ ग्रॅम होतात, दोन वर्षे वापरला तर १९. नवा ‘पर्यावरणपूरक’ जोड घेण्यापेक्षा आहे तोच जोड दुसऱ्या वर्षी चालवणे हा बहुतेकांच्या हातातला सोपा उपाय आहे.

तो उपाय महाराष्ट्राच्या रस्त्यारस्त्यावर बसलेला आहे. शासनाच्या कागदात या मोच्यांना गटई कामगार म्हणतात आणि त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही आहे. तळ चिकटवणे, शिलाई मारणे, टाच बसवणे ही कामे त्यांच्याकडे मिनिटांत होतात. नवी मुंबईतल्या ग्रीनसोल या उपक्रमात टाकून दिलेल्या बुटांच्या तळांपासून गरजू मुलांसाठी चपला तयार होतात. भारत जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पादत्राणे बनवणारा देश आहे, वर्षाला सुमारे २६० कोटी जोड. इथे दरडोई खप अजून वर्षाला दोन जोडांच्या आसपास आहे. तीन, चार, पाच जोडांकडे जाण्याआधी आपल्याला दुरुस्तीची ही साखळी जिवंत ठेवण्याची संधी आहे. अनेक श्रीमंत देशांना ती नव्याने उभी करावी लागत आहे. गोल्डन गूजलाही २०२१ मध्ये मिलानमध्ये दुरुस्तीचे खास दुकान काढावेसे वाटले, यातच या कामाचे मोल आले.

म्हणून नामवंताच्या, कारखान्याच्या आणि परत केलेल्या बुटाच्या भावांपुढे मला चौथा भाव मांडावासा वाटतो: प्रत्येक वापरामागचा खर्च. ४,००० रुपयांचा बूट ४०० दिवस घातला तर दिवसाला १० रुपये पडतात. १ लाख ४३ हजारांचा फाटका जोड ४० वेळा घातला तर एका वेळेला ३,५७५ रुपये. या हिशोबात आजीचा खडूने रंगवलेला कॅनव्हासचा बूट आणि नातवाने जुन्या बाजारातून आणलेला विटका कॉन्व्हर्स एकाच बाजूला येतात. दोघांनीही वस्तू पूर्ण वापरली. त्यांचा वाद दिसण्यावरून आहे, पण वापराचे मोल दोघांना कळते.

पिढ्यांमधले भांडण मिटवायचे असेल तर इथून सुरुवात करता येईल. मोठ्यांनी खऱ्या वापराने विटलेल्या कपड्याला बेपर्वाई समजू नये. शाळा, महाविद्यालये आणि कार्यालयांनी स्वच्छतेचा आग्रह जरूर धरावा, पण जुन्या बुटावरून कुणाची लायकी ठरवू नये. तरुणांनी दुसऱ्याच्या मजुरीतून आलेली झीज विकत घेण्याआधी स्वतःच्या पायांना ती घडवू द्यावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत. बूट घालून दोन-तीन पावसाळे चालावे लागते, आणि मध्ये एकदा मोच्याकडे जावे लागते.